आधी फावडं आणा

गवंडीकाकांनी आमच्या जुन्या घराच्या पोपडे सुटलेल्या भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "सिमेंट राहू द्या, आधी फावडं आणा."

घरामागचं रान काढल्यावर कारण कळलं. पालापाचोळा कुजून कुजून माती इतकी चढलेली की जोतं, म्हणजे घराचा चौथरा, पार गाडलं गेलेलं. ओली माती थेट भिंतीला टेकलेली. भिंत पाणी पिणारच! त्यात चुन्यातल्या बांधकामावर कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला, म्हणजे ओल बाहेर पडायची वाटही बंद. (हे 'कुणीतरी' प्रत्येक जुन्या घरात असतंच.)

घर दुरुस्तीला काढलं की आपण रंग आधी निवडतो, पाणी कुठून येतं ते शेवटी बघतो.

सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केलाय का कुणी? भिंत सुकायला किती दिवस लागले?