तुम्ही विचारलंत म्हणून: युद्धं थांबली नाहीत, मग वर्धापनदिन कसला?

आमच्या संघटनेचा वर्धापनदिन, २८ एप्रिल, जवळ आला की हा प्रश्न मला हमखास ऐकावा लागतो. विचारणारे चेष्टा करत नसतात. रोजच्या बातम्या बघून कुणालाही हेच वाटेल. शंभराहून जास्त वर्षं एक संघटना निःशस्त्रीकरण मागतेय आणि शस्त्रांची विक्री तर चालूच आहे. मग तुम्ही दर वर्षी जमून साजरं करता तरी काय?

संघटना म्हणजे विमेन्स इंटरनॅशनल लीग फॉर पीस अँड फ्रीडम. आम्ही नुसतं ‘लीग’ म्हणतो. तिची सुरुवात १९१५ सालच्या एप्रिलमध्ये, नेदरलँड्समधल्या द हेगला भरलेल्या स्त्रियांच्या परिषदेत झाली. पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. नेदरलँड्सच्या पहिल्या स्त्री डॉक्टर आलेटा जेकब्स यांनी पुढाकार घेतला, अमेरिकेच्या जेन अॅडम्स अध्यक्ष झाल्या आणि बारा देशांतल्या अकराशेहून अधिक बायका जमल्या. ज्यांची सैन्यं एकमेकांवर तोफा डागत होती, त्या देशांतल्याही बायका त्यात होत्या.

तिथे पोचणंच मुळात अवघड होतं. ब्रिटनमधून १८० जणींना यायचं होतं. सरकारने चोवीस जणींना परवानगी दिली आणि मग उत्तर समुद्रातली जहाजवाहतूकच बंद केली. ब्रिटनच्या शेवटी तिघीच हजर राहू शकल्या, त्याही आधीपासून देशाबाहेर होत्या म्हणून. अमेरिकन प्रतिनिधींचं जहाज डोव्हरजवळ अडवून ठेवलं होतं, ते कसंबसं वेळेवर पोचलं.

परिषदेचा एक नियम मला फार मोठा वाटतो. चालू युद्धाला कोणता देश जबाबदार, यावर तिथे चर्चा करायची नाही. ज्यांच्या घरातली माणसं आघाडीवर होती, गेली होती, त्यांनीही नाही. बोलून दाखवण्यासारखं प्रत्येकीच्या मनात किती असेल! ते गिळून त्यांनी वीस ठराव केले.

त्यातला निःशस्त्रीकरणाचा ठराव आम्ही २८ तारखेला मोठ्याने वाचतो. भाबडेपणाचा आरोप करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. निःशस्त्रीकरण आंतरराष्ट्रीय कराराशिवाय होणार नाही, हे त्यात आधीच मान्य केलंय. मग त्या दिशेची एक पायरी म्हणून मागणी येते: शस्त्रनिर्मिती सरकारांनी आपल्या ताब्यात घ्यावी आणि देशादेशांतल्या शस्त्रव्यापारावर नियंत्रण आणावं. शस्त्रांच्या कारखान्यांतला खासगी नफा हा युद्ध संपवण्याच्या वाटेतला मोठा अडसर आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. हे लिहिणाऱ्या बहुतेकींना तेव्हा आपल्या देशात मतदानाचा हक्कही नव्हता.

आता थेट २०१३ वर येते. त्या वर्षी २ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापार करार मंजूर केला. बाजूने १५४ मतं, विरोधात ३. हेगच्या त्या ठरावाला तोवर अठ्ठ्याण्णव वर्षं होत आली होती. करारातलं सातवं कलम उघडून चौथं पोटकलम बघा. शस्त्रं निर्यात करण्याआधी निर्यात करणाऱ्या देशाने तपासायचंय, की ती लिंगाधारित हिंसाचारासाठी, बायकामुलांवरच्या गंभीर अत्याचारांसाठी वापरली जाण्याचा धोका आहे का. शस्त्रव्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात ही गोष्ट पहिल्यांदाच आली. ती नुसती प्रस्तावनेत शोभेपुरती न राहता बंधनकारक कलमात यावी, म्हणून लीगने आणि सोबतच्या संघटनांनी वाटाघाटींच्या काळात सतत पाठपुरावा केला होता.

करार अपुरा आहे, मान्य. मतदानात रशिया, चीन आणि भारत तटस्थ राहिले, चीन पुढे २०२० मध्ये सामील झाला. अमेरिकेने सही केली पण मंजुरी दिली नाही. सदस्य देशही पळवाटा काढतात. पण आज एखाद्या निर्यात परवान्याला कोर्टात किंवा संसदेत आव्हान द्यायचं तर बोट ठेवायला एक कलम आहे. १९१५ मध्ये ते नव्हतं.

मधल्या काळात ही मागणी कुणीतरी जिवंत ठेवली ना! लीगच्या अमेरिकन कार्यकर्त्या एमिली ग्रीन बाल्च यांची युद्धविरोधामुळे प्राध्यापकी गेली, शांततेचं नोबेल मिळालं ते पुढे १९४६ मध्ये. लीगच्याच, जर्मनीच्या अनिता आउग्सपुर्ग आणि लिडा गुस्टाफा हायमान यांना हिटलर सत्तेवर आल्यावर परागंदा व्हावं लागलं, दोघी स्वित्झर्लंडमध्येच वारल्या. अशा माणसांचा दिवस साजरा करायला शांतता आधी यायला हवी, हे मला पटत नाही. आम्ही त्यांची नावं घेतो, ठराव वाचतो, गोडधोड खातो.

आणि मग लगेच कामाला लागतो, कारण पुढची तारीख ३१ मे. करारात सामील झालेल्या प्रत्येक देशाने मागच्या वर्षीच्या शस्त्र आयात-निर्यातीचा अहवाल तोपर्यंत द्यायचा असतो. कुणी दिला, कुणी टाळला, कुणी दिला पण लोकांसाठी खुला केला नाही, हे एकेका देशाचं नाव घेऊन बघावं लागतं. त्यासाठी माणसं कमीच पडतात. यंदा तुम्ही येणार असाल तर सांगा.