सीडी १००: स्लोचा घोळ कुठवर सुटला

दारव्ह्याकडून घेतलेली हिरो होंडा सीडी १०० मोटारसायकल आता स्लोवर, म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिन मंद चालतं त्यावर, टिकते. पूर्ण नीट झाली असं म्हणणार नाही, पण फाट्यावर कुणाशी बोलायला थांबलो तर बंद पडत नाही, एवढं झालं.

दुखणं दुहेरी होतं. थंड असताना चोकवर (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) सुरू व्हायची, चोक काढला की बंद. तापल्यावर उलटं: मूठ सोडली तरी रेस खाली बसायची नाही, आणि बसली की थेट बंद. आधीच्या मालकाने रेसचा स्क्रू आत पिळून गाडी चालती ठेवली होती. बहुतेक जुन्या गाड्या अशाच हाती येतात. म्हणून सांगतो, स्लोची तक्रार असेल तर स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावा.

गाडी बरेच महिने कोठ्यात कुटाराशेजारी उभी होती. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या एका नळीत कुंभारीण माशीने माती भरून ठेवलेली. त्याची पेट्रोल साठणारी तळाची वाटी उघडून तिरपी केली तर पेट्रोलच्या खालून दुसराच थर संथ सरकताना दिसला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. पायलट जेट (बारीक भोकाची पितळी नळी) उन्हात धरला, आरपार काहीच दिसेना. मूठ बंद असताना इंजिनला पेट्रोल मिळतं ते याच बारीक भोकातून, त्यामुळे चोक काढल्यावर गाडी मरणारच. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. रात्रभर क्लीनरमध्ये भिजवला, ब्रशच्या नायलॉनच्या केसाने मोकळा केला आणि पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली. गोल उजेड दिसला तेव्हा जीवात जीव आला. थंडपणीची तक्रार तिथेच संपली.

तापल्यावरच्या तक्रारीचं मूळ वेगळं निघालं. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनच्या हेडच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं, तर आवाज लगेच बदलला. म्हणजे तिथून हवा ओढली जात होती. (ही तपासणी पेट्रोल शिंपडून करणारे पाहिलेत. तापलेल्या सायलेन्सरशेजारी तसं कदापि करू नका.) जोड खोलला तर रबरी ओ-रिंग चपटी आणि इतकी कडक, की नख रुतेना. शिवाय कुणीतरी बोल्ट जोरात आवळून कार्बोरेटरचा फ्लँज (जोडाची सपाट कड) वाकवलेला. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज हलक्या हाताने घासला, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. नवी ओ-रिंग किरकोळ पैशात मिळाली. रेस आता मुठीबरोबर खाली येते.

मग स्क्रू. इंजिन चांगलं तापवून, रेस थोडी वाढवून. मिश्रणाचा स्क्रू अलगद पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, तिथून पाव-पाव फेरा करत आवाज सर्वांत स्वच्छ लागेल तिथे थांबायचं आणि शेवटी रेस उतरवायची. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर हवा वाढते, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गरम हवा विरळ, त्यामुळे हिवाळ्यात लावलेलं सेटिंग तेव्हा रिच पडतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. उन्हाळ्यात पुन्हा कान लावावा लागेल.

राहिलंय ते स्लाइडचं, म्हणजे मुठीबरोबर कार्बोरेटरमध्ये वरखाली होणाऱ्या तुकड्याचं. एका बाजूने घासून चकाकतोय आणि बोटाने हलवला तर डुलतो. तालुक्याचा मिस्त्री म्हणतो, "नवा कार्बोरेटरच टाका ना भाऊ, काहून डोकं खपवता?" पण बाजारातल्या नकली कार्बोरेटरच्या जेटवरच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. मूळ मापाचा स्लाइड कुणी जपून ठेवला असेल तर सांगा. तोवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, पाहून घेतो, इंजिन थंड असताना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून. व्हॉल्व्ह घट्ट असले तरी तापल्यावर स्लो अशीच सुटते.