चिंचेत न बुडवलेली बिजागरी

रविवार, रात्री साडेदहा

घट बसायला चार दिवस राहिलेत. सकाळी आईनं देवघर रिकामं केलं. समई, निरांजनं, घंटा, पळी-पंचपात्र, सगळं परातीत चिंचेच्या कोळात. मी चहा घेत बसलेलो, तर म्हणाली, "तुझी ती बोटीची पितळं पण आण इकडं. काळीठिक्कर पडल्यात. सणाचं घरात असलं ठेवतात व्हय?"

बोटीची पितळं म्हणजे वस्तू दोनच. एक गोल खिडकी आणि एक बिजागरी. रत्नागिरीत मिरकरवाड्याला एक जुनी लाँच मोडीत निघाली, तेव्हा मावसभावानं, दादानं, माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या. आंबा घाटातून एसटीत मांडीवर घेऊन आलो. मांड्या बधिर झाल्या, पण खाली ठेववेना.

खिडकी आल्या आल्या उद्यमनगरात बफिंगला, म्हणजे यंत्रावर घासून चमकवायला, टाकली. पोरानं विचारलं, "आरसा काढू?" म्हटलं, काढ. संध्याकाळी खरंच तोंड दिसत होतं तिच्यात. पण कडेला कुणीतरी छिन्नीनं आकडा मारलेला होता, बहुतेक कितवी खिडकी ते कळायला. तो गेला. धारदार कडाही गोलगुळगुळीत झाल्या. दोष त्या पोराचा नाही, मीच काढ म्हणालो होतो. पुढं पावसाळा लागला आणि ज्यानं ज्यानं हात लावला त्याचे ठसे तपकिरी होऊन वर आले. वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारला असता तर चमक टिकली असती म्हणतात. टिकते, ओरखडा जाईपर्यंत. एकदा ओरखडा गेला की लॅकरखाली काळं जाळं पसरतं आणि मग आधी तो सगळा लॅकर काढत बसा.

बिजागरी मात्र आणली तशीच आहे. तपकिरी, खाचांत हिरवट. आमच्याकडं उघड्यावरचं पितळ तपकिरी पडत जातं. बंदरावर मिठाची हवा, तिथं हिरवं चढतं. दादाला वाटायचं मी ती पण घासणार. फोनवर म्हणाला, "वरचं काळं-हिरवं राहू दे रे, त्यानं काही बिघडत नाही. तांबूस डाग आहे का ते बघ आधी."

हे मला माहीत नव्हतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त आधी निघून जातं, आकार आहे तसाच राहतो आणि मागं उरतं ते स्पंजासारखं पोकळ तांबं. बाहेरून धडधाकट दिसणारा स्क्रू पान्याखाली बिस्किटासारखा तुटतो. दादा चाकूच्या टोकानं खरवडून बघतो. आत पिवळं लागलं तर ठेवायचं, गुलाबी लागलं तर भंगारात. म्हणून बोटींसाठी वेगळं पितळ करतात, साधारण ६० टक्के तांबं, ३९ टक्के जस्त आणि १ टक्का कथील. आपण कथील भांड्याला आतून कल्हई म्हणून फासतो, ते तिथं धातूतच वितळवतात. तरीसुद्धा पाण्याखालच्या भागाला जाणती माणसं कांसंच वापरतात.

म्हणजे काळं ठेवायचं की चकचकीत करायचं हा वाद दारं, दिवे, घंटा यांच्यापुरता. पाणी अडवणाऱ्या नगाला तो लागू नाही. "जुनेपणाची शोभा" म्हणत गुलाबी डागाचं कौतुक करणाऱ्याच्या बोटीत मी तरी बसणार नाही.

आणि घासायचंच तर कशानं? काही पॉलिशांत अमोनिया असतो. इंग्रजांच्या काळात इथल्याच पावसाळ्यात, घोड्यांच्या पागेजवळ साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा जायच्या. कारण नीट उलगडलं ते १९२१ साली. लिदीतला आणि मुतातला अमोनिया, त्यात घडवताना धातूत राहून गेलेला ताण. आपल्या समईला त्यानं काही होत नाही, पण तो डबा नाकाशी नेला की मला पागाच आठवते.

हे सगळं आईला सांगायला गेलो. तिनं अर्धंच ऐकलं. "चिंचेत रातभर राहिलं की पितळ तांबूस पडतं, हे मला माझ्या सासूनं सांगितलेलं. दहा मिनटं ठेवायचं, धुवायचं, लगेच पुसायचं." आंबटानं वरचं जस्त खाल्लं जातं, खाऱ्या पाण्याचंच धाकटं भावंड. आजीला जस्त हा शब्दही माहीत नसावा.

मग आईनं बिजागरी हातात घेऊन उघडझाप केली. खिळीपाशी, जिथं पान पानावर घासतं, तिथं पितळ पिवळंधमक आहे. कुणी पॉलिश केलेलं नाही. लाटांबरोबर ते दार किती वर्षं हललं असेल! हिरवी पूड तिच्या पदरावर पडली. ती झटकत म्हणाली, "ही कुरकुरतीया. खोबरेल सोड दोन थेंब."

खिडकी तिनं चिंचेत घातली. बिजागरी वर्तमानपत्रावर ठेवलीय, तेल मुरतंय.