मागे पियानो आणि व्हायोलिनच का?

पुण्यातल्या संस्थांसाठी, कारागिरांसाठी मी छोट्या फिल्म एडिट करते. फिल्म दाखवून झाली की कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "छान झालीय, पण मागे तो मंद पियानो आणि व्हायोलिनच का? सवाईच्या गावात राहता, मग आपली बासरी का नाही?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

बासरी मला फार आवडते, आणि म्हणूनच बोलणाऱ्या माणसाच्या मागे मी ती लावत नाही. बासरी स्वतःच बोलते. एक मींड आली, म्हणजे सूर घसरत दुसऱ्या सुरावर गेला, की कान तिच्या मागे जातो. त्यात आपल्याकडचे कान तयार. यमनचा तीव्र मध्यम लागला की ऐकणाऱ्याच्या मनात दिवेलागण होते, आणि पडद्यावर असते सकाळची मंडई! भाजीवाल्या मावशी आयुष्यातली मोठी गोष्ट सांगत असतात आणि आपण पुढच्या सुराची वाट बघत बसतो. हा मावशींवर अन्याय आहे.

पियानोचं तसं नाही. फेल्टने मढवलेली हातोडी तारेवर पडते, सूर उमटतो आणि त्या क्षणापासून विरायला लागतो. वाजवणाऱ्याला तो नंतर फुगवता येत नाही, वळवता येत नाही. सूर विरत जातो तिथे शब्दाला जागा होते. बऱ्याच उभ्या पियानोंना मधलं पेडल असतं. ते दाबलं की हातोडी आणि तारा यांच्यामध्ये फेल्टची पट्टी येते. मूळ सोय शेजाऱ्यांना त्रास न होता रियाज करण्याची, पण तो दबका, उबदार आवाज बोलण्याखाली इतका छान बसतो की मला दुसरं काही सुचतच नाही. व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांचं काम नेमकं उलटं. गज हळू ओढला की सूर कधी सुरू झाला हेच कळत नाही. पियानोच्या दोन सुरांमधलं अंतर ते भरून काढतात.

अर्थात वाद्यं बरोबर निवडली तरी आवाज चढा असेल तर सगळं वाया. व्यंजनं स्पष्ट कळायला साधारण २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा महत्त्वाचा. त्या पट्ट्यात मी व्हायोलिनचा आवाज थोडा कमी करते. आणि संगीत बोलण्यापेक्षा निदान २० डेसिबल खाली. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांतही हाच आकडा आहे. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी ही मेहरबानी नव्हे, गरज आहे.

पण हाच पियानो एकदा मला काढावा लागला. कसब्यातल्या तांबट आळीत एका आजोबांचं मठारकाम शूट केलं होतं. तांब्याच्या घंगाळावर ठोके देत ते बोलत होते. पहिल्या कटमध्ये मी नेहमीसारखा पियानो लावला आणि काहीतरी खटकत राहिलं. दोनदा ऐकल्यावर उमगलं: पियानो हेही ठोक्याचंच वाद्य. त्याचा ठोका आणि आजोबांचा ठोका एकमेकांच्या पायात येत होते. मग ठोके चालू असेपर्यंत फक्त चेलोचा एक लांब सूर ठेवला, तोही जेमतेम. आजोबा हातोडी खाली ठेवतात, घंगाळ दाराच्या उजेडात फिरवून बघतात, तिथे पियानोचा पहिला सूर.

फिल्म त्यांना आळीतच, लॅपटॉपवर दाखवली. संगीताबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मध्येच हात वर करून थांबवायला सांगितलं आणि म्हणाले, "जरा मागं घे बाळ. तो तिसरा ठोका तिरका पडलाय."