अनाथ पॅकेज, राखीपौर्णिमा आणि एक जेपीजी

रविवार, १० ऑगस्ट २०२५, नाशिक

काल राखीपौर्णिमा, आणि नेमकं कालच डेबियन १३ आलं, ट्रिक्सी. डेबियन म्हणजे जगभरातल्या लोकांनी मिळून सांभाळलेली लिनक्सवरची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ट्रिक्सी हे तिच्या या नव्या रिलीजचं नाव. दादा दुपारी पुण्याहून आला, आईने नारळीभात केलेला, आणि मी ओवाळायचं ताट हातात घेऊन एक डोळा लॅपटॉपवर. आई म्हणाली आधी भावाला ओवाळ, तुझं ते यंत्र काय पळून चाललंय का. बरोबर आहे तिचं. पण या रिलीजमध्ये एकोणसत्तर हजारांच्या वर पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरची गाठोडी, आहेत आणि त्यातल्या एकाच्या मेंटेनरच्या, म्हणजे सांभाळणाऱ्याच्या, ओळीत माझं नाव आहे. एकाच! समुद्रात लोटाभर पाणी ओतल्यासारखं आहे हे, मला कळतं, तरी रात्री सगळे झोपल्यावर मी व्हर्च्युअल मशीनवर ट्रिक्सी टाकलं, ते पॅकेज इन्स्टॉल केलं, माहितीची कमांड मारली आणि माझं नाव दिसतंय का ते तीनदा बघितलं.

पॅकेजचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं की मी कोण ते दोन मिनिटांत कळेल. एवढंच सांगते की फोटोच्या आत जी तारीख लपलेली असते ती वाचून फाइलीला नाव द्यायचं काम ते करतं. पायथॉनमधलं छोटं टूल आहे. घरातल्या बारशा-लग्नांचे, सहलींचे हजारो फोटो मी त्यानेच लावलेत. पॉपकॉनवर, म्हणजे कुठलं पॅकेज किती जण वापरतात त्या मोजणीत, ज्यांनी आपणहून आकडा पाठवायला हो म्हटलंय अशा लोकांत, त्याचे वापरणारे तीनशेच्या आसपास.

सुरुवात मागच्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत झाली. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, दुपारी सगळे आडवे. मी कुठेतरी वाचलेली एक कमांड सहज मारून बघितली, डब्ल्यूएनपीपी-अलर्ट. आपल्या मशीनवर असलेल्या पॅकेजेसपैकी कुठली बेवारस आहेत त्याची यादी ती देते. त्या यादीत 'ओ', ऑर्फन्ड, असं लिहून पुढे माझं रोजचं टूल. आधीच्या मेंटेनरने दोन ओळी लिहून सोडून दिलेलं, वेळ होत नाही, कोणाला हवं असेल तर घ्या. मेंटेनरच्या जागी क्यूए, म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या, ग्रुपचं नाव, म्हणजे रिमांड होम म्हणा ना. मला उगाच अपराधी वाटलं. सहा वर्षं वापरतेय आणि हे कोण सांभाळतंय असा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

मी काही प्रोग्रामर नाही हो. म्हणजे आहे, पण टेस्टर, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि एक्सेलमध्ये भरायच्या. तरी वाटलं घेऊ या, एवढंसं तर आहे.

एवढंसं म्हणे!

डेबियनच्या बग ट्रॅकरला, म्हणजे चुका आणि तक्रारी नोंदवायच्या वहीला, लॉगिन वगैरे भानगड नाही, सगळं ईमेलवर चालतं. पॅकेज दत्तक घ्यायचं म्हणजे त्या 'ओ' बगचं नाव बदलून 'आयटीए' करायचं, इंटेंट टू अडॉप्ट, त्यासाठी एका रोबोला मेल करायची. मी एका ओळीत कमांड लिहिली, आणि खाली सवयीने माझी सही, कळावे, लोभ असावा, आणि नाव. रोबोने ते सगळं कमांड समजून वाचलं आणि उलट टपाली कळवलं की 'कळावे' नावाची कमांड त्याला माहीत नाही, 'लोभ' पण नाही. नंतर कळलं की शेवटी 'थँक्स' लिहायचं असतं, तो शब्द दिसला की रोबो वाचायचं थांबतो. आभार मानले नाहीत तर तो ऐकतच बसतो. माझ्या ऑफिसात हे लागू केलं पाहिजे.

मग खरं काम. मला वाटलेलं कोड बघावा लागेल, पण पहिले दोन आठवडे गेले ते कोणती फाइल कोणाची आणि कुठल्या लायसन्सखाली आहे ते लिहिण्यात. प्रत्येक फाइल! कॉपीराइट नावाची एक फाइल असते तिच्यात सगळा सातबारा उतरवायचा. त्यात सापडलं की आयकॉनच्या फोल्डरवर बिनव्यापारी वापराची अट आहे, म्हणजे डेबियनच्या नियमात ते मुक्त नाही, म्हणजे ते फोल्डर काढून मूळ गठ्ठा नव्याने बांधायचा आणि व्हर्जनला 'डीएफएसजी' (त्याच नियमांचं इंग्रजी लघुरूप) अशी शेपटी लावायची. आधीच्या कोणाच्या नजरेतून ते सुटलेलं. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, ईमेल आणि तारीख यांच्यामध्ये बरोबर दोन स्पेस लागतात, एक नाही आणि तीन नाही. हे मला कळायला एक अख्खी रात्र गेली, आणि मी पगारी टेस्टर आहे.

आणि एवढं करून अपलोड आपल्याला करताच येत नाही. मेंटेनर म्हणून नाव कोणाचंही असू शकतं, पण आर्काइव्हमध्ये, म्हणजे डेबियनच्या कोठारात, टाकायचा हक्क डेबियन डेव्हलपरकडे, म्हणून आपल्यासाठी अपलोड करणारा डेव्हलपर, स्पॉन्सर, शोधायचा. मी विनंती टाकली आणि तीन आठवडे काहीच नाही. दिवाळी आली, गेली. मग एका रात्री कोणा अनोळखी माणसाचं उत्तर, अकरा चुका काढलेल्या, ओळीनिशी, एकही टोमणा नाही. मी सुधारल्या, त्याने अजून चार काढल्या. तिसऱ्या फेरीत त्याने लिहिलं, अपलोड केलं, धन्यवाद. तो माणूस कोण, कुठला, पोटापाण्याला काय करतो मला आजही नीट माहीत नाही. त्याने दोन-तीन रात्री माझ्यावर घालवल्या, का ते मी विचारलं नाही.

बाबांना सांगितलं तर ते हसले. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीची किल्ली गेली पंधरा वर्षं बाबांकडे आहे. मानधन शून्य. पाणी आलं तर कोणाला बाबा आठवत नाहीत, नाही आलं तर सकाळी सहाला बेल. ते म्हणाले, म्हणजे तू पण आता मोटरवाली. काकूने मात्र विचारलंच, पैसे किती मिळतात? मी म्हटलं नाही मिळत. मग तिने आईकडे असं बघितलं की जणू मला कोणीतरी फसवलंय.

हिवाळ्यात दोन संकटं लागोपाठ आली. पहिलं पायथॉन. आधीच्या डेबियनमध्ये ३.११ होतं, ट्रिक्सीत ३.१३, आणि ३.१३ मधून कितीतरी जुनी मॉड्यूल्स, म्हणजे कोडचे तयार तुकडे, काढून टाकली त्यात 'पाइप्स' पण गेलं, आणि आमचं टूल नेमकं तेच वापरत होतं. बिल्ड फुटला, म्हणजे पॅकेज बांधलंच जाईना, माझ्या नावावर गंभीर बग. ज्याने टूल मूळ लिहिलं त्याला मेल केली, उत्तर नाही, त्याचा शेवटचा कमिट, म्हणजे कोडमधला बदल, तीन वर्षांपूर्वीचा. असला बग वेळेत सुटला नाही तर पॅकेज टेस्टिंगमधून, म्हणजे पुढच्या रिलीजसाठी जमवलेल्या संचातून, आपोआप काढलं जातं, आणि १५ एप्रिलला फ्रीज, म्हणजे नव्या भरतीला बंदी, लागला की बाहेर गेलेलं परत आत येत नाही. मला तर दहावीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आठवली. पण हा बग तसा सोपा निघाला, चार ओळी बदलल्या.

दुसरं मात्र भारी होतं. माझ्याकडे सगळं हिरवं, म्हणजे टेस्ट पास, डेबियनच्या टेस्ट मशीन्सवर पण सगळीकडे हिरवं, फक्त एस३९०एक्स वर लाल. हे एस३९०एक्स म्हणजे आयबीएमचं मेनफ्रेम, अवाढव्य कॉम्प्युटर! कोण त्यावर लग्नाचे फोटो लावणार आहे? पण टेस्ट तिथे फुटली की पॅकेज अनस्टेबलमधून, म्हणजे नवं काम आधी जिथे येतं तिथून, टेस्टिंगमध्ये जात नाही, नियम म्हणजे नियम. कारण असं की ते यंत्र आकडे उलट्या क्रमाने साठवतं, मोठा बाइट, म्हणजे आकड्याचा मोठ्या किमतीचा तुकडा, आधी. आपल्या लॅपटॉपवर लहान आधी. दादाला फोनवर हे समजावताना मला सुचलं की अरे हे तर आपलं पंचवीस आहे, आपण आधी पाच म्हणतो मग वीस, इंग्रजीत आधी ट्वेंटी मग फाइव्ह. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत. तर एस३९०एक्स म्हणजे वीस पाचवाला, आणि आमच्या टूलने गृहीत धरलेलं की सगळं जग पंचवीस म्हणतं. गंमत म्हणजे फोटोच्या आतच ते लिहिलेलं असतं, माहितीच्या सुरुवातीला 'आयआय' असेल तर लहान आधी आणि 'एमएम' असेल तर मोठा आधी. मूळ लेखकाने तो क्रम न बघता मशीनच्या क्रमावर सोडून दिलेलं.

खरं सांगायचं तर पहिल्या रात्री मी तो टेस्टच कमेंट करून, म्हणजे ओळीच्या आधी # लावून बंद करून, टाकला होता. एक हॅश, काम खलास. पण झोप नाही लागली, कारण डेबियनमध्ये आलेल्या प्रत्येकाला २००८ ची गोष्ट कोणी ना कोणी सांगतंच. २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या, म्हणजे इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पॅकेजमध्ये दोन ओळी कमेंट केल्या गेल्या, तपासणीचं टूल त्यांच्याबद्दल तक्रार करत होतं म्हणून, वाईट हेतू काही नाही, विचारलं पण होतं. त्या ओळींबरोबर त्याने बनवलेल्या डिजिटल किल्ल्यांमधला जवळजवळ सगळा रँडमपणा गेला, प्रोसेसचा नंबर तेवढा उरला, म्हणजे कोट्यवधी कोट्यवधी शक्यतांच्या जागी एकेका प्रकारच्या साधारण ३२ हजार किल्ल्या. दोन वर्षं कोणाला कळलं नाही, मे २००८ मध्ये उघडकीला आलं आणि जगभर लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. माझं टूल फोटोंना नावं देतं, त्याने कोणाची बँक बुडणार नाही. तरी सकाळी चहाच्या आधी तो हॅश काढला. मग तीन रविवार घालवून क्रम नीट वाचणारा कोड लिहिला, मेनफ्रेम माझ्याकडे नाही म्हणून स्पॉन्सरनेच त्यांच्या मशीनवर चालवून दिला. मार्चच्या शेवटी हिरवं.

मे महिन्यात पुण्याला गेले, माझ्या डिजिटल किल्लीवर सही करून घ्यायला. स्वतः अपलोड करायचा हक्क हवा तर आधी कोणा डेव्हलपरने आपली किल्ली ओळखून सही करावी लागते. पहाटेची एसटी, नारायणगावला चहा, उन्हाने जीव गेलेला. एका कॅन्टीनमध्ये ते गृहस्थ भेटले, पासपोर्ट उलटून पालटून बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं, मग किल्लीची ओळख म्हणून कागदावर छापलेले चाळीस अक्षर-आकडे मी वाचत गेले आणि ते त्यांच्या कागदावर टिक करत गेले. रेशन कार्डाच्या रांगेत असल्यासारखं. वीस मिनिटं, आणि त्यातली दहा मिसळ यायची वाट बघण्यात. येताना बसमध्ये मी विचार करत होते की यांनी नक्की काय तपासलं? मी मीच आहे एवढंच. मी भली आहे की बुरी हे तर पासपोर्टवर छापलेलं नसतं.

आणि हेच आता माझ्या गळ्यात आलंय. जुलैमध्ये एक मेल आली. अनोळखी नाव, अतिशय सभ्य भाषा, तुमचं टूल मी वापरतो, नवीन फोनच्या फोटोंसाठी पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, केलाय, सोबत टेस्ट आणि टेस्टसाठी एक जेपीजी. आणि शेवटी, तुम्ही एकट्याच आहात असं दिसतं, मी को-मेंटेनर झालो तर चालेल का. मला आनंद व्हायला हवा होता ना? आणि माझ्या पोटात गोळा आला.

कारण एक्सझेड, फाइली दाबून लहान करणारं टूल. २९ मार्च २०२४ ला त्यातला घात उघडकीला आला. तिथेही मूळ मेंटेनर एकटा, दमलेला, आणि 'जिया टॅन' नावाने कोणीतरी दोन-अडीच वर्षं गोड बोलून, चांगले पॅच देऊन विश्वास कमावला, मध्ये कोण कोण लोक येऊन कामं रखडलीत म्हणून त्या बिचाऱ्याला टोचत होते, शेवटी किल्ली त्याच्या हातात आली आणि त्याने मागचं दार बसवलं. दार कुठे लपवलं तर टेस्टच्या फाइलींत. डेबियनच्या अनस्टेबलमधून टेस्टिंगपर्यंत ते पोचलं होतं. एका इंजिनियरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं खुपलं म्हणून पकडलं गेलं. अर्धा सेकंद! माझ्या मशीनवर असं झालं असतं तर मी नेटवर्कला शिव्या घालून चहा करायला गेले असते.

तर ते जेपीजी महिनाभर माझ्याकडे पडून आहे. उघडून बघितलं, कुठल्यातरी तळ्याकाठी एक काळा कुत्रा. साधा, गोड. हेक्समध्ये, म्हणजे फाइलीच्या कच्च्या आकड्यांत, पण बघितलं, काही दिसलं नाही, पण दिसलं नाही म्हणजे नाही असं थोडंच. एकीकडे लाज वाटते, दहा महिन्यांपूर्वी मी स्वतः अशीच कुठून तरी उगवलेली, रोबोला 'लोभ असावा' लिहिणारी, आणि एका माणसाने माझ्या अकरा चुका बसून काढल्या, माझ्यावर संशय घेतला नाही. म्हणजे घेतलाही असेल, ओळ न् ओळ वाचली ती उगाच का. हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

काल रात्री मी त्या मेलवाल्याचा पॅच परत उघडला. त्रेचाळीस ओळी, जेपीजी सोडून. एकेक ओळ वाचली, बारा वाजले, दोन ठिकाणी प्रश्न पडले ते लिहून ठेवले. एक ठिकाणी तर त्याने माझीच जुनी चूक दुरुस्त केलीय. अनस्टेबलची दारं आता परत उघडलीत, पुढच्या रिलीजचं, फोर्कीचं काम सुरू, त्यामुळे पॅच घ्यायला हरकत नाही. को-मेंटेनरचं मी लिहिलंय की आधी अजून तीन-चार पॅच पाठव, मग बोलू. आणि कुत्र्याचा फोटो नको, टेस्टसाठी फोटो मी माझा घालते.

माझा म्हणजे, त्या मेलवाल्यासारखाच नवा फोन दादाकडे आहे. आज सकाळी तो निघायच्या आधी त्याच्या हातावरच्या राखीचा एक फोटो काढला, त्याच्याच फोनने, लोकेशन बंद करून. आता कॉपीराइटच्या फाइलीत अजून एक ओळ वाढणार, म्हणून दादाला रीतसर विचारलं की हा फोटो कोणीही वापरावा, बदलावा, विकावा, तुझी परवानगी आहे का, आणि मेलवर लिहून दे. तो बूट घालता घालता थांबला.

"विकावा? माझा हात कोण विकत घेणारे?"

मी म्हटलं नियम आहे.

"मेनफ्रेमवर पण दिसणार का?"

दिसणार, म्हटलं, उलटा वाचून. मेल अजून आलेली नाही त्याची, नारायणगावपर्यंत पोचला असेल आत्ताशी.