एवढं हलकं छप्पर वाऱ्यानं उडत नाही का?

माझी दुर्बीण ज्या खोलीत असते तिचं छप्पर रुळांवरून सरकतं. एका हातानं ढकललं की बाजूच्या खांबांवर जाऊन थांबतं आणि डोक्यावरचं सगळं आकाश मोकळं होतं. पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पत्र्यावर टिचकी मारतो आणि विचारतो, "एवढं हलकं केलंत, वाऱ्यानं उडून नाही का जात?" तुमच्या छपराचा आराखडा पाठवताना तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एकदा ते उडता उडता राहिलं. पहिल्या वर्षी मी ते दोन साध्या कड्यांवर भरवसा ठेवून बंद करायचो. एका वादळी रात्रीनंतर पहाटे दार उघडलं, तर एका बाजूची दोन्ही चाकं रूळ सोडून भिंतीच्या माथ्यावर टेकलेली होती आणि एका कडीचा दांडा धनुष्यासारखा वाकला होता. दुर्बीण वाचली होती. पण त्या सकाळी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

मग कागद घेऊन हिशेब मांडला. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 48 किलो भरतो, आणि वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. माझं छप्पर अडीच मीटर बाय तीन मीटरचं, म्हणजे साडेसात चौरस मीटर. एवढ्या दाबानं ते वर खेचलं गेलं तर ओढ जवळपास 360 किलोची! छप्पर आहे 45 किलोचं. प्लायवूडचं जाडजूड केलं असतं तर फार तर दीडशे किलो झालं असतं, आणि 360 पुढे 150 सुद्धा तोकडेच. म्हणजे छपराला जागेवर धरून ठेवणं हे वजनाचं कामच नाही. ते काम बांधणीचं आहे. हे उमगल्यावर वजन वाढवायचा विचार मी कायमचा सोडला.

आता चार कोपऱ्यांत चार टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण वाढवायचे आट्यांचे दुवे आहेत, छप्पर बंद झालं की ताणून घट्ट करायचे. शिवाय प्रत्येक चाकाशेजारी एल आकाराची एक पट्टी आहे. रूळ ज्या लोखंडी पट्टीवर वेल्ड केलाय ती आतल्या बाजूला दोन सेंटिमीटर पुढे काढलीय, आणि एलचं खालचं बोट तिच्याखाली पाच मिलिमीटर अंतर ठेवून सरकत राहतं. छप्पर अर्धवट उघडं असताना झोत आला तरी चाक रूळ सोडू शकत नाही. भिंतीसुद्धा पायात बोल्टनं आवळलेल्या हव्यात, नाहीतर छप्पर भिंतींना घेऊन उठेल. बाहेरच्या खांबांचंही तेच, कारण रात्रभर छप्पर त्यांच्यावरच उभं असतं.

हलकेपणाची खरी किंमत कळते ती ढग अचानक चालून येतात आणि मोटर बसवली असलीच तर तीही बंद पडलेली असते तेव्हा. एकट्या माणसाला अंधारात अर्ध्या मिनिटात छप्पर ओढून घेता आलं पाहिजे. दुसरं कारण उष्णतेचं. जाड लाकूड दिवसभर तापतं आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत बसतं. त्या उबदार हवेतून पाहिलं की ग्रहाची कड उकळत्या पाण्यासारखी हलते. पातळ पत्रा काही मिनिटांत निवतो. शिवाय छप्पर हलकं असलं की भिंती, रूळ, खांब सगळंच हलकं करता येतं, आणि तेही लवकर निवतं.

चौकट ॲल्युमिनियमच्या 50 बाय 25 मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांची, वर 0.7 मिलिमीटरचा पांढरा ॲल्युमिनियमचा पत्रा. पॉलिकार्बोनेट हे कडक प्लास्टिक याहूनही हलकं पडतं, पण पारदर्शक शीट घातली तर दुपारी आत भट्टी होते. आणि ते पसरतंही फार: अडीच मीटरची शीट 40 अंशांच्या फरकानं सुमारे सात मिलिमीटर वाढते. भोकं मोठी ठेवली नाहीत तर स्क्रूपाशी चिरते. पातळ पत्र्याचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. स्वच्छ रात्री तो हवेपेक्षाही गार होतो आणि आतल्या बाजूनं दव धरून थेट दुर्बिणीवर ठिबकतो. म्हणून खालून फोमचा पातळ थर चिकटवलाय. त्याचं वजन नगण्य आहे, तो टाळू नका.

चाकांबद्दल एकच आग्रह धरीन. एका बाजूला अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी, कोन वर करून टाका आणि त्यावर खाचेची चाकं चालवा. कचरा आपोआप घसरून पडतो. दुसऱ्या बाजूला मात्र सपाट चाकं सपाट पट्टीवर ठेवा. दोन्हीकडे खाचेची चाकं घातली की रूळ जरा जरी समांतर नसले, किंवा उन्हानं चौकट दोन मिलिमीटर रुंदावली, तरी छप्पर अडकतं. रूळ पक्के करण्याआधी दोन्ही कर्ण मोजून घ्या.

छप्पर कुठल्या दिशेला सरकवायचं हेही आधी ठरवा. उत्तर गोलार्धात बहुतेक जण उत्तरेकडे सरकवतात, कारण ग्रह दक्षिणेकडून जातात. पण ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो. सरकवलेलं छप्पर दुर्बिणीपासून दोन मीटरवर आणि तिच्यापेक्षा 40 सेंटिमीटर उंच असेल तर ते 11 अंशांपर्यंतचं आकाश झाकतं. 10 अंश अक्षांशावर राहणाऱ्याचा ध्रुवतारा त्यामागे गेला, मग माऊंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारी बैठक, ध्रुवाच्या रोखानं कसं लावणार? तिथे पूर्व किंवा पश्चिम बरी.

तुमच्या आराखड्यात टर्नबकलच्या जागा मला कुठे दिसल्या नाहीत. पत्रा घेण्याआधी त्या काढा, आणि त्यांची ओढ भिंतीतून पायापर्यंत कशी उतरते तेही पेन्सिलीनं दाखवा.