हेलसिंकीत कळलं, मला दूध पचत नाही

हेलसिंकीतल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये चांगली मोठी माणसं जेवणाबरोबर ग्लासभर दूध पितात. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. महिन्याभरात मीही पिऊ लागले, फुकट होतं ना! वर दिवसाला चार कॉफ्या, दूध घालून. मग मीटिंगमध्ये पोट इतकं गुरगुरायला लागलं की शेजारचा वळून बघायचा. पोट डब्ब, आणि त्यानंतर धावपळ.

दुधावर माझा संशयच गेला नाही. मी कोल्हापूरची. आमच्या गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात, माझा भाऊ उभ्या उभ्या अर्धा लिटर रिचवतो. म्हणून दोष गव्हाला दिला आणि व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्याने पोळी बंद केली.

आरोग्य केंद्राच्या नर्सने फोनवर हे ऐकलं आणि सुस्कारा सोडला. सिलिअ‍ॅकच्या (गव्हामुळे आतडं बिघडतं त्या आजाराच्या) रक्ततपासणीत गहू पोटात जात असेल तरच प्रतिपिंडं दिसतात. म्हणजे काही आठवडे परत पोळ्या खायच्या आणि मग तपासणी. (ती पुढे निर्दोष आली.) लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचते का हे सांगणाऱ्या जनुकीय चाचणीला मात्र असली अट नाही, उपाससुद्धा नाही. काल काय खाल्लं याने जनुक थोडंच बदलतं! रक्ताची एक नळी दिली आणि बाहेर पडले. दुसरा प्रकार श्वासाच्या चाचणीचा: उपाशीपोटी लॅक्टोजचं पाणी प्यायचं आणि दोन-तीन तास ठरावीक वेळाने नळीत फुंकायचं. त्यातून वाचले.

निकाल ओमाकान्तावर आला. नाव एखाद्या मावशीचं वाटलं तरी ते इथलं सरकारी आरोग्य पोर्टल आहे. त्यात दोनच अक्षरं: सीसी.

डॉक्टरांनी समजावलं. लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम लहानपणी जवळजवळ सगळ्यांकडे असतं. त्याच्या जनुकाजवळ १३९१० नावाने ओळखली जाणारी एक जागा आहे. तिथे डीएनएचं एक अक्षर असतं, ‘सी’ किंवा ‘टी’. आई किंवा बाबा, एकाकडून जरी ‘टी’ मिळाला तरी लॅक्टेज मोठेपणीही बनत राहतं. दोन्हीकडून ‘सी’ आला, तर ते हळूहळू आटतं. हा ‘टी’चा बदल २००२ मध्ये फिनिश कुटुंबांच्याच अभ्यासातून सापडला. मग तो मला कशाला लागू पडेल, असं मी विचारलंच. तर म्हणे भारतात दूध पचवणाऱ्यांतही मुख्यतः हाच बदल दिसतो, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी.

गंमत पुढेच आहे. फिनिश भाषेच्या वर्गातली माझी सोमाली मैत्रीण, तिचाही निकाल सीसी. आणि ती रोज दोन ग्लास दूध पिते, ढेकरही देत नाही. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातल्या पशुपालकांमध्ये दूध पचवणारे बदल वेगळे आहेत, १३९०७, १३९१५, १४०१० अशा जागांवर. फक्त १३९१० वाचणाऱ्या चाचणीला ते दिसणारच नाहीत. तिच्या डॉक्टरांनी म्हणे निकाल बाजूला सारला. त्रास होत नाही ना, मग पी.

आईला फोन केला तर ती म्हणाली, “आपल्या घरात कुणाला दूध बाधलंय गं?” मग जरा थांबून, “तुझी आजी मात्र दुधाला शिवायची नाही. ताक तांब्याभर प्यायची.” ताकातलं लॅक्टोज विरजणाचे जीवाणू आधीच थोडंफार खाऊन टाकतात. माझंही कोल्हापुरात चहातलं घोटभर दूध आणि दही यावरच भागायचं, म्हणून कधी कळलं नाही. ग्लासभर दुधात मात्र दहा ग्रॅम लॅक्टोज असतं.

इथे प्रत्येक दुकानात लॅक्टोजमुक्त दूध मिळतं, तेच आणते. दसऱ्याला त्याचीच बासुंदी केली. आटता आटता ती कॉफीसारखी तपकिरी झाली, मला वाटलं करपली. चाखली तर साखर घालायच्या आधीच गोड! लॅक्टोज आधीच फोडलेलं असल्याने त्यातली ग्लुकोज जिभेला जास्त गोड लागते आणि रंगही लवकर धरते. मी साखर निम्मी केली. मैत्रिणीने दोन वाट्या खाल्ल्या आणि विचारलं, साध्या दुधाची का नाही केलीस?